बसायला कुठे जायचं: बालेवाडीतला ब्रूपब की जुनी परमिट रूम?

पुण्यात बाणेर, बालेवाडी, औंध या पट्ट्यात राहणाऱ्यांना हा प्रश्न दर पंधरा दिवसांनी पडतोच. चार-सहा जण जमणार, बसायचं आहे, आणि जेवायचंही तिथेच आहे. घरी येऊन रात्री अकरा वाजता भात गरम करायची कुणाचीच तयारी नाही. एका बाजूला बालेवाडी हाय स्ट्रीटवरचे ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर स्वतः गाळणारे पब. दुसऱ्या बाजूला 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' अशी पाटी मिरवणारी, वीसेक वर्षं जुनी परमिट रूम. मी दोन्हीकडे नेमाने जातो. दोन्हीकडे उत्तम जेवलो आहे आणि दोन्हीकडे अर्धं ताट टाकून उठलोही आहे. तेव्हा जेवणाची हमी कुठेच नाही, हे धरूनच पुढचं वाचा. जागांची नावं देत नाही, कारण या भागातल्या बऱ्याच जागा थोड्याफार फरकाने अशाच चालतात.

बिअरच्या बाबतीत ब्रूपबशी तुलनाच नाही. २००९ मध्ये डूलाली या ब्रूपबने पुण्यात आपली बिअर गाळायला सुरुवात केली आणि त्यानंतर या शहराला ताज्या बिअरची जी चटक लागली ती गेली नाही. चांगल्या हेफेवायझनला, म्हणजे जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला, केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तो कुठल्या इसेन्सचा नसतो, यीस्टमधूनच येतो. विट या बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल असते. एकदा ही चव जिभेवर बसली की बाटलीतली बिअर नुसती गार म्हणूनच बरी लागते. पण तुमच्या मंडळींत रम-व्हिस्कीवाले जास्त असतील तर हा मुद्दा आपोआप निकालात निघतो. परमिट रूममध्ये क्वार्टर मागवा, सोडा, पाणी, बर्फ समोर येतो, ज्याने त्याने आपल्या हिशोबाने भरावं. सोबत विशीतला कुणी भाऊ-भाचा असेल तर कायदा ध्यानात ठेवा: राज्यात बिअरला वय २१ आणि कडक दारूला २५. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर पबच्या दारात ओळखपत्र नीट पाहतात, आणि पाहायलाच हवं.

आता जेवण. ब्रूपबचा मेनू छोटा असतो, पण चव टिकत नाही. आतला शेफ बदलला की पदार्थाचं नाव तेच राहतं, चव जाते. एका पबात ठेचा चिकन मागवलं होतं, तेव्हा खरोखर ठेच्यातलं आलं: भाजलेली मिरची, लसूण, शेंगदाणे, सगळं जाडसर कुटलेलं, खाताना दाताखाली येणारं. पुढे तेच मागवलं तर हिरव्या सॉसमध्ये घोळवलेले तुकडे. भट्टीतला पिझ्झा बहुतेक वेळा बरा असतो. फिश अँड चिप्समध्ये जवळपास सगळीकडे बासा वापरतात. तो बऱ्याचदा व्हिएतनामहून गोठवून येतो, त्याला स्वतःची चव फार नाही, वरचं आवरण कुरकुरीत असलं की भागतं. शनिवारी नऊच्या पुढे ते आवरणही मऊ पडलेलं येतं. गर्दीसाठी आधीच अर्धवट तळून ठेवत असावेत, असा माझा अंदाज.

परमिट रूमची गोष्ट नेमकी उलटी. मेनू जाडजूड, प्लास्टिकच्या पानांचा: पंजाबी, चायनीज, तंदूर, मालवणी, कोल्हापुरी. इतके पदार्थ रोज ताजे करणं कुणालाच शक्य नाही. पंजाबी भाज्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या अशा दोन-तीन ग्रेव्हींवर निघतात, त्यामुळे कढाई आणि कोल्हापुरी यांच्यात बऱ्याचदा नावाचाच फरक. चायनीजचा वस्ताद वेगळा, तंदूरवाला वेगळा. तंदूरवाला गावी गेला असेल तर पहिल्या रोटीलाच कळतं. शिवाय वार बघायचा. गुरुवार आणि शनिवार पाळणारी घरं आपल्याकडे भरपूर, त्या दिवशी मटण कमी उठतं. मटण खायचं असेल तर शुक्रवार किंवा रविवार गाठा. जून-जुलैत किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत सुरमई मागवाल तर ती बर्फातलीच असणार. श्रावणात तर मी तिथे मांसाहार मागवतच नाही. गटारीला उसंत नसलेलं तेच स्वयंपाकघर दोन दिवसांत सुस्तावतं आणि ते चिकनमध्ये जाणवतं.

पण दिवस बरोबर लागला तर तिथलं सुकं मटण आणि तंदुरी रोटी यांच्या तोडीचं मला कुठल्याही ब्रूपबमध्ये मिळालेलं नाही. दिवस चुकला तर चिकन चिली इतकी खारट की दुसरा घास नको वाटतो. म्हणजे जेवणाचा तराजू माझ्या लेखी बरोबरीत. चकण्याचं पारडं परमिट रूमकडे, कारण खारे शेंगदाणे आणि कांदा-टोमॅटो घातलेले उकडलेले चणे न मागता येतात.

माझा कौल ठरला तो एका वाक्यावर. ब्रूपबमध्ये ते मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते येणार हे आधीच कळतं: "सर, हे माझं टेबल नाही."

तिथली पद्धत अशी. दारात एक जण नाव लिहून घेतो, दुसरा टॅबवर ऑर्डर घेतो, तिसरा ताटल्या आणतो, चौथा उचलतो. टॅबवर बोट लागलं की किचनमध्ये केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, त्याच क्षणी निघते, आणि सांगितलेल्या सगळ्याची एकदम निघते. मग नाचोज, विंग्ज, पिझ्झा, पास्ता हे सगळं पाच मिनिटांच्या फरकाने टेबलावर आदळतं. बिअर वेगळ्या काउंटरवरून येते, ती मागेच राहते. पास्ता गार होत असतो आणि आपण विंग्ज संपवायच्या घाईत. हेही एकवेळ चालेल. पण पदार्थ बिघडलेला आला की खरी पंचाईत होते.

एका शनिवारी मित्राच्या पिझ्झाचा मधला भाग कच्चा निघाला. तुकडा उचलला की टोक खाली लोंबायचं, आत पीठ ओलसर पांढरं दिसत होतं. जवळून जाणाऱ्याला थांबवलं. तो नम्रपणे म्हणाला, माझं टेबल नाही, पाठवतो. ज्याचं टेबल होतं तो काही वेळाने आला, पाहिलं, आणि म्हणाला, मॅनेजरला सांगतो. मॅनेजर आला तेव्हा आमचं बिल मागवून झालं होतं. पिझ्झा तसाच मध्ये पडलेला, चीज थिजून पिवळं झालेलं. त्याने मनापासून माफी मागितली, डेझर्ट देऊ केलं, ते डेझर्ट चांगलंही होतं. पण मित्र जेवलाच नव्हता. यात त्या पोरांचा दोष मला वाटत नाही. जागा भरगच्च, हाताखाली माणसं कमी, आणि ताटली परत न्यायचा अधिकार त्यांच्यापैकी एकालाही दिलेला नाही. त्यांतले बरेच चेहरे दोन-तीन महिन्यांत बदलतात, त्यामुळे ओळखही होत नाही.

परमिट रूममध्ये कॅप्टन असतो. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात केओटीचं कार्बनवालं पुस्तक. आमच्याकडचा कॅप्टन सगळी ऑर्डर एकदम ऐकून घेतो, पण स्टार्टरची चिठ्ठी तेवढी आत पाठवतो. मटण आणि रोट्यांची चिठ्ठी फाडून शर्टाच्या खिशात ठेवतो. ग्लास किती खाली आलेत, पापड संपला का, हे लांबून बघत राहतो आणि मग ती चिठ्ठी आत जाते. रोटी गरम येते ती एवढ्याचमुळे. टॅबमध्ये ही सोय नसेल असं नाही, पण ती वापरणारा मला अजून भेटलेला नाही.

तिथेही एकदा सुरमई तवा फ्राय बिघडलेली आली. मी काही बोलायच्या आत कॅप्टनने ताटलीकडे पाहिलं, चमच्याची कड माशाला लावली. मांस पाकळ्यांनी सुटायच्या ऐवजी भुसभुशीत होऊन पडलं. "ही राहू द्या साहेब, आज मासा बरोबर नाही. चिकन सुकं सांगतो," म्हणून ताटली घेऊन गेला. सुरमई बिलात आली नाही. आणि हे सगळं एक मसाला पापड संपायच्या आत झालं. स्वयंपाकघर चुकलंच होतं, पण ती चूक आमच्या जेवणापर्यंत पोहोचली नाही.

आता तिथलं खटकणारंही सांगायला हवं. ग्लास अर्ध्यावर आला रे आला की वेटर "रिपीट?" म्हणून उभा राहतो, गप्पांचा धागा तुटतो. आणि सगळी मदार एका माणसावर असल्यामुळे कॅप्टनच्या सुट्टीच्या दिवशी तीच जागा ओळखू येत नाही. रोट्या उशिरा, पाणी मागून मागून, बिलात शेजारच्या टेबलाचा सोडा. नव्याने जाणाऱ्याला पहिल्याच भेटीत माझ्यासारखी वागणूक मिळेल याचीही खात्री देत नाही. कॅप्टनशी ओळख व्हायला दोन-चार बैठका जातात.

बिलाचं थोडक्यात. कर दोन्हीकडे सारखेच: जेवणावर पाच टक्के जीएसटी, दारूवर १ नोव्हेंबर २०२३ पासून दहा टक्के व्हॅट. फरक पडतो तो सर्व्हिस चार्जने. काही पब तो अजूनही बिलात आधीच धरतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो परस्पर लावता येणार नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. तेव्हा काढायला सांगा, सहसा वाद न घालता काढतात. एरवी पबातल्या दोन मोठ्या ग्लासांच्या पैशांत परमिट रूममध्ये बाटली, चिकन चिली आणि रोट्या होतात, असा माझा अनुभव.

एका बाबतीत मात्र परमिट रूमची बाजू मला घेता येत नाही. बायकांना तिथे मोकळं वाटत नाही. वरच्या मजल्यावर एसी फॅमिली सेक्शन असतो, पण तिथे पोचायला खालच्या पुरुषांनी भरलेल्या हॉलमधून जावं लागतं, आणि स्वच्छतागृहाबद्दल न बोललेलं बरं. माझी बायको मैत्रिणींबरोबर पबलाच जाते आणि तिचं अगदी बरोबर आहे. परमिट रूमच्या मालकांनी या दोन गोष्टी सुधारल्या तर माझा अर्धा लेख लिहायची गरज उरणार नाही. आवाजाच्या बाबतीत पब नऊपर्यंत छान, त्यानंतर समोरच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. परमिट रूममध्ये मॅच असेल तेव्हाच टीव्हीचा त्रास.

तेव्हा ऑफिसातले मिळून जाणार असाल, गटात मुली असतील, किंवा मुख्य हेतू बिअर असेल, तर ब्रूपब निवडा. मीही तेच करीन. तिथे आठच्या आत पोचा आणि ऑर्डर एकेक पदार्थाची द्या. स्टार्टर टेबलावर येईपर्यंत मुख्य जेवणाचं नावही काढू नका, म्हणजे सगळं एकदम आदळणार नाही.

जुने मित्र असतील, तीन-चार तास निवांत बसायचं असेल आणि शेवटी पोटभर जेवून उठायचं असेल, तर मी परमिट रूमच म्हणेन. निघण्याआधी फोन करून कॅप्टन आज आहे का ते विचारा. टेबलावर बसल्यावर मेनू बाजूला ठेवून त्यालाच विचारा, आज काय चांगलं आहे. त्याने एक-दोन पदार्थांची नावं घेतली तर डोळे मिटून तेच मागवा. "सगळंच चांगलं आहे" असं उत्तर आलं तर तंदुरी चिकन आणि दाल खिचडीच्या पलीकडे जाऊ नका.