रविवार पेठेतील टंच तपासणी : जुन्या सोन्यासाठी घेतलेल्या सेवेचा अभिप्राय

आजीच्या पाटल्या आणि मोहनमाळ मोडीत देण्यापूर्वी त्यांचा टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, सराफाखेरीज दुसऱ्या कोणाकडून कळावा, म्हणून रविवार पेठेतील एका तपासणी केंद्राची सेवा घेतली. तेथे कसोटीवर घासणे नाही आणि आम्लही नाही. दागिना यंत्राच्या पेटीत ठेवला की थोड्याच वेळात सोने, चांदी व तांबे यांची टक्केवारी पडद्यावर येते.

ही टक्केवारी कशी निघते, हे कळल्याखेरीज तिच्यावर किती विसंबावे ते ठरत नाही. यंत्रातील क्ष-किरण अणूच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन बाहेर उडवतात, ती रिकामी जागा वरच्या कवचातील इलेक्ट्रॉन खाली येऊन भरतो आणि दोन कवचांच्या ऊर्जेतील फरक नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. एल कवचातून (आतून दुसरे) के कवचात (सर्वांत आतले) येताना तांब्यात हा फरक सुमारे 8.05 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो, तर चांदीत 22.16. सोन्याच्या के कवचातील इलेक्ट्रॉन काढायला 80.7 लागतात, आणि तेवढा जोर दुकानी यंत्रांत सहसा नसल्यामुळे सोने ओळखले जाते ते एम कवचातून (आतून तिसरे) एल कवचात होणाऱ्या संक्रमणाच्या 9.71 या रेषेवरून, म्हणजे त्या ठरावीक ऊर्जेच्या क्ष-किरणावरून. या रेषा अणुक्रमांकानुसार ठरतात, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांनी 1913 मध्ये दाखवले. म्हणूनच मिश्रधातूतही प्रत्येक धातू वेगळा ओळखता येतो.

मात्र सोन्याच्या या रेषेचे किरण जेमतेम काही मायक्रॉन खोलीवरूनच बाहेर येऊ शकतात. जाड मुलामा असेल, तर यंत्र मुलाम्याचाच टंच सांगेल. येथील तंत्रज्ञांनी पाटली आधी स्वच्छ करून आतल्या बाजूनेही तपासली, झाळीपाशी, म्हणजे जोड दिलेल्या जागी, टंच का उतरतो ते सांगितले आणि मोहनमाळेच्या मण्यांत लाख असल्यास तिचे वजन यातून कळणार नाही, हे शुल्क घेण्यापूर्वीच स्पष्ट केले. अशी सचोटी बाजारात सरसकट आढळत नाही.

उणीव एवढीच, की छापील अहवालात केवळ आकडे मिळतात, आलेख मिळत नाही. इरिडियम या धातूची रेषा 9.18 वर, म्हणजे सोन्याच्या अगदी शेजारी असते. भेसळीची शंका असल्यास आलेखात या रेषांच्या शिखरांचा आकार डोळ्यांनी पाहायला हवा, आणि तो येथे मागितल्यावर फक्त पडद्यावर दाखवतात. भरीव पाटल्यांसाठी मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. पोकळ मण्यांच्या दागिन्याचा व्यवहार मोठा असेल, तर एखादा मणी मुशीत वितळवून घेतलेलाच बरा.