दुपारची गोळी सुटली, पण चप्पल बसेना: टाडालाफिलचे आठ महिने

दिवाळीत गावात सिल्डेनाफिल २० मिलिग्रॅमची गोळी मिळेना. चार दुकानं पालथी घातली. ५० आणि १०० च्या पट्ट्या हव्या तेवढ्या, २० ची एक नाही. एका ठिकाणी काउंटरवरचा पोरगा आत ओरडला, "काकांसाठी असेल, ५० देऊन टाक." मी समोर उभी, दम लागलेला, चिठ्ठीवर माझं नाव आणि पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढण्याचा आजार, स्पष्ट लिहिलेलं. हेच औषध २००५ पासून आमच्या आजारासाठी मंजूर आहे, पण दुकानदारांच्या लेखी ते म्हणजे व्हायग्रा, पुरुषांची ताकदीची गोळी, त्याचं काम एकच.

घरात आठ गोळ्या होत्या. मी शहाणपणा केला. दिवसाला तीनऐवजी दोन, मग एक. भाऊबीजेला माहेरच्या जिन्यात पाचव्या पायरीवर बसकण मारली. डॉक्टरांनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. त्याच भेटीत सिल्डेनाफिल बंद, त्याच गटातलं टाडालाफिल सुरू. आधी २०, मग २० च्या दोन एकदम, दिवसातून एकदाच.

त्या "एकदाच"वर मी किती बोलू! मी शाळेच्या कार्यालयात आहे. सिल्डेनाफिलचा असर तासांत उतरतो, म्हणून दिवसातून तीनदा. सकाळची आणि रात्रीची गोळी कोणीही घेतं. दुपारची खरी वैरीण. दोन वाजता मोबाइल किणकिणणार, नेमके तेव्हाच समोर दाखल्यासाठी चार पालक. "घेते पाच मिनिटांत" म्हणायचं आणि साडेचारला आठवायचं. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बँकेच्या रांगेत, सगळीकडे ती दुपारची गोळी पर्समध्ये माझ्याकडे बघत बसायची. दीड वर्षात मी शेकडा वीस तरी दुपारच्या गोळ्या चुकवल्या असतील. आता रात्री जेवण झालं की दोन गोळ्या, विषय संपला. नुसत्या ह्या एका गोष्टीसाठी मी पाचपैकी पाच दिले असते.

दिले असते, कारण दुसऱ्या आठवड्यात कंबर धरली. पिंढऱ्या अशा ठणकायच्या की वाटावं आदल्या दिवशी वारी करून आले. डोकेदुखी आधीही होती, तिची सवय होती, हे नवीन. मी पुन्हा सिल्डेनाफिल मागायला फोनही लावला होता. डॉक्टर म्हणाले, टाडालाफिलचं हे ठरलेलं दुखणं आहे, थोडी कळ काढा. तीन आठवड्यांत उतरलं. आता क्वचित, तेही रात्री.

ह्याच आजारासाठी जोडीला चालू असलेल्या बोसेंटनबद्दल मात्र माझा राग गेलेला नाही. सकाळ-संध्याकाळ गोळी आणि दर महिन्याला लिव्हरची तपासणी. तपासणीचे पैसे, अर्धी रजा, आणि रिपोर्ट येईपर्यंत पोटात गोळा. डिसेंबरात एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला आकडा, चौपट आलं आणि ते बंद झालं. नंतर कळलं की बोसेंटन रक्तातली सिल्डेनाफिलची पातळीही खाली आणतं. टाडालाफिललाही सोडत नाही. म्हणजे दीड वर्ष मी दोन महागड्या गोळ्या विकत घेत होते आणि एक दुसरीला खात होती! डॉक्टर म्हणतात तरीही एकत्र देतात, फायदा होतो. असेल. माझ्या पाकिटाला ते पटत नाही.

जानेवारीत एसजीपीटी जागेवर आल्यावर बोसेंटनच्याच जातीचं अँब्रिसेंटन ५ सुरू केलं. तेही दिवसाला एकच. टाडालाफिलबरोबर ह्याचीच जोडी सुरुवातीपासून दिलेली चांगली, असं २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं. मग मला आधीच का नाही, हा प्रश्न मी दोनदा विचारला. लिव्हरसाठी दरमहा सुई नाही, हिमोग्लोबिन अधूनमधून बघतात. पण पाय! संध्याकाळपर्यंत घोटे असे सुजतात की कोल्हापुरी बसत नाही. नाक सतत चोंदलेलं. लघवीची गोळी वाढवली, मीठ तोडलं, लोणचं बंद झालं. सूज निम्म्यावर आली, पण चप्पल एक नंबर मोठी घ्यावीच लागली. औषधाच्या खर्चात ती मी धरली आहे.

फायदा? सहा मिनिटांच्या चालण्यात आधी २८५ मीटर, जूनमध्ये ३४०. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, जवळपास तोच. पण मंडईतून पिशवी घेऊन मी न थांबता घरी येते, हे मला एकोपेक्षा जास्त कळतं. शेजारच्या काकूंनी अर्जुनसालीचा काढा आणून दिला होता. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणार नाही म्हटलं, त्या अजून रुसलेल्या आहेत.

एक गोष्ट मात्र कोणी काउंटरवर सांगत नाही. मार्चमध्ये एसटीत छातीत दाटलं. शेजारच्या आजोबांनी मायेने खिशातून सॉर्बिट्रेट काढून पुढे केली, "जिभेखाली धर, बाळ." आपल्याकडे हा घरोघरीचा उपाय. पण सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेणाऱ्याने ती गोळी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. आणि टाडालाफिल अंगात जास्त वेळ राहतं, शेवटच्या गोळीनंतर दोन दिवस तरी हा धोका धरतात. म्हणजे जी गोष्ट मला दुपारच्या गोळीतून सोडवते, तीच इथे अडकवते. आजोबांना समजावताना माझा उरलेला दमही संपला. आता पर्समध्ये आधारकार्डाला चिकटवून चिठ्ठी ठेवली आहे, मराठीत, मोठ्या अक्षरांत: "टाडालाफिल चालू आहे. सॉर्बिट्रेट देऊ नये." ह्यांच्याही पाकिटात एक.

आता राहिल्या सिल्डेनाफिलच्या अडीच पट्ट्या. औषध बदलल्यावर आठच दिवसांनी दुकानदाराने आनंदाने फोन केला, "वहिनी, तुमचा माल आला," आणि ह्यांनी मला न विचारता पैसे मोजून आणल्या. परत न्यायला गेले तर म्हणतो, एक पट्टी कापलेली आहे. बरं, अख्ख्या दोन घे. त्यावर म्हणे, बिल कुठे आहे? बिल त्यानेच दिलं नव्हतं.