‘लो वोल्यो वेदेरे’ की ‘वोल्यो वेदेरलो’?

‘मला तो बघायचा आहे’ हे इटालियनमध्ये दोन तऱ्हांनी म्हणता येतं. ‘लो’ (तो) हे सर्वनाम चालवलेल्या क्रियापदाआधी, म्हणजे ‘वोल्यो’आधी (मला हवं आहे), सुटं ठेवा, नाहीतर मूळ क्रियापदाचा शेवटचा ‘ए’ काढून त्याला जोडा: वेदेरे (बघणं), वेदेर, वेदेरलो. अर्थ एकच. बोलण्यात पहिली तऱ्हा जास्त कानावर पडते, लेखनात दुसरी.

ही मोकळीक वोलेरे (हवं असणं), पोतेरे (शकणं), दोवेरे (करावं लागणं) अशा मोजक्या क्रियापदांपुरती. ‘प्रेफेरीस्को’ (मी पसंत करतो) आलं की ‘प्रेफेरीस्को वेदेरलो’ एवढंच बरोबर.

खरा फरक भूतकाळात पडतो. ‘ती’ म्हणजे ‘ला’ मागे जोडलं तर ‘ओ वोलूतो वेदेरला’, कृदंत, म्हणजे ‘वोलूतो’ हे भूतकाळी रूप, जसंच्या तसं. पुढे आणलं तर ‘ल’ओ वोलूता वेदेरे’: वोलूतोचं वोलूता करावंच लागतं. मराठी माणसाला हे जड जाऊ नये, आपणही ‘तो पाहिला, ती पाहिली’ म्हणतोच. ‘उठावं लागलं’ म्हणताना तर साहाय्यक क्रियापदच बदलतं: ‘मी सोनो दोवूतो आल्त्सारे’, पण ‘ओ दोवूतो आल्त्सारमी’. (इथला ‘मी’ म्हणजे ‘मला, स्वतःला’.) म्हणून नवशिक्यांनी भूतकाळात जोडलेलं रूप वापरावं, चुकायला जागा कमी.

दोन सर्वनामं असतील तर ती सोबतच हलतात. ‘मला तो तुला द्यायचा आहे’: ‘ते लो वोल्यो दारे’ किंवा ‘वोल्यो दार्तेलो’. एक पुढे, एक मागे ठेवून केलेलं ‘ती वोल्यो दारलो’ (इथला ‘ती’ म्हणजे ‘तुला’) सरळ चूक.