लातूरच्या टेबलावर अथास : ‘डार्क सन’चे परीक्षण

फासे टाकून खेळायच्या कल्पनारम्य भूमिकाखेळांच्या बहुतेक पुस्तकांतला भूगोल ठरलेला असतो : देवदारांची अरण्ये, बर्फाच्छादित डोंगर, धुक्यात बुडालेला किल्ला आणि रात्रीच्या मुक्कामाला शेकोटी असलेली खाणावळ. लातुरात मे महिन्यातल्या रविवारी, कूलरच्या टाकीत बादलीने पाणी ओतून झाल्यावर, डीएमने, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्याने, गंभीर आवाजात ‘बाहेर हिमवर्षाव सुरू झाला आहे’ असे सांगितले, की आमच्या पाचजणांपैकी कोणीतरी हसतेच. त्या हसण्याला कंटाळून आम्ही चाकोरीबाहेरची जगे शोधू लागलो, आणि जी पुस्तके हाती आली त्यांतले एकच आमच्याकडे दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टिकले. ते म्हणजे ‘डार्क सन’.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी टीएसआर या अमेरिकी कंपनीने १९९१ मध्ये हा संच काढला. टिमोथी ब्राउन आणि ट्रॉय डेनिंग हे त्याचे कर्ते असले, तरी या जगाचा चेहरा मोठ्या प्रमाणात चित्रकार ब्रॉम यांनी घडवला आहे. अथास नावाच्या या जगात समुद्राच्या जागी धुळीचा समुद्र आहे, नगरराज्यांवर जादूगार-राजांची सत्ता आहे, आणि देव नाहीत, त्यामुळे पुरोहित पृथ्वी, आप, तेज आणि वायू या भूतांनाच भजतात. लोखंड इतके दुर्मीळ, की तलवारी हाडांच्या, दगडाच्या किंवा ज्वालामुखीतल्या काचेच्या असतात, आणि बाजारात भाजलेल्या मातीची नाणी चालतात. इतर जगांत शिष्टपणे वावरणारे एल्फ इथे वाळवंटात धावत फिरणारी, सौदा करताना चारदा तपासून घ्यावी अशी जमात आहे, आणि हाफलिंग ही एरवी गोंडस वाटणारी ठेंगणी जमात इथे माणसे खाते.

एवढ्यावर कोणतेही पुस्तक वेगळे म्हणवून घेऊ शकते. आम्हाला त्याने धरून ठेवले ते पाण्याच्या हिशेबाने. उन्हात चालणाऱ्या माणसाला दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरांच्या आसपास पाणी लागते, आणि ते न मिळाल्यास त्याच्या प्रकृतीचा अंक घसरत जातो, असा नियमच आहे. अर्धराक्षसाला त्याहून कितीतरी जास्त लागते, तर थ्री-क्रीन या कीटकवंशी जमातीला फारच थोडे पुरते. असे हिशेबाचे नियम सहसा कंटाळवाणे मानले जातात आणि दुसऱ्या बैठकीपासून कोणी पाळत नाही. ज्या शहरात मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तिथल्या खेळाडूंना मात्र हा हिशेब समजावून सांगावा लागला नाही. पहिल्याच बैठकीत त्यांनी अथासमधल्या टीर नगरात पाऊल ठेवले, तेव्हा तिथला राजा कलाक गुलामांकडून उभारून घेत असलेल्या प्रचंड झिगुरातचे, म्हणजे टप्प्याटप्प्यांच्या मनोऱ्याचे, वर्णन मी मोठ्या हौसेने तयार ठेवले होते. ते अर्ध्यावर तोडून, २०१६ साली शाळेत असलेल्या आणि घरच्यांसोबत रांगेत उभी राहिलेल्या आमच्यातल्या एकीने विचारले, ‘विहीर कुठंय, आन् किल्ली कुणाकडंय?’ दुसरा म्हणाला, ‘आधी हंडे भरून घेऊ, राजाचं मग बघू.’ झिगुरात त्या दिवशी राहूनच गेले.

इथेच पुस्तकाची एक मोठी उणीवही लक्षात आली. त्यातले पाणी हे ज्याच्या-त्याच्या बुधल्यातले पाणी आहे. किती घोट उरले, हे नियम नेमके सांगतात. पण नंबर कोणाचा आधी, टँकर आधी कोणत्या गल्लीत शिरणार, मोटारीला हात कोण लावू शकतो, याविषयी ते जवळजवळ गप्प आहेत. तहानेपेक्षा माणसे रांगेत जास्त उघडी पडतात, असा आमच्याकडचा अनुभव असल्याने आम्ही ‘ओळख’ नावाचा एक जादा अंक पात्रपत्रिकेवर लिहून घेतला आणि विहिरीवरचा नंबर त्यावरून ठरवू लागलो. हा बदल मूळ नियमांत सहज बसतो, आणि त्यामुळे तलवार न उपसता रंगणारे प्रसंग वाढतात.

अथासचे वाळवंट निसर्गाने केलेले नाही, ही या जगाची सर्वांत धारदार कल्पना. इथली जादू वनस्पतींमधला जीव ओढून घेते. जो सावकाश, राखून घेतो तो प्रिझर्व्हर. जो हवे तेवढे एकदम उपसतो तो डिफायलर, आणि त्याच्या भोवतीची जमीन राख होऊन जाते. परदेशी वाचकाला यात कदाचित तेल किंवा कारखाने दिसत असतील. आमच्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या गड्याने एका वाक्यात निकाल लावला : ‘हे तर बोअरचं झालं.’ शेजाऱ्याने चारशे फूट घेतले की आपण सहाशे घ्यायचे, मग त्याने आठशे, आणि शेवटी गावातला जुना आड कोरडा. काळ्या पाषाणाच्या या प्रदेशात पाणी खडकाच्या भेगांमधूनच मिळत असल्यामुळे, एकाने ओढलेले दुसऱ्याच्या वाट्याचे असू शकते, हे इथे पोरासोरालाही कळते.

इतकी चांगली कल्पना १९९१ च्या नियमांनी थोडी वाया घालवली आहे, असे मला वाटते. त्यात डिफायलर आणि प्रिझर्व्हर हे पात्रांचे दोन वेगळे वर्ग आहेत. पहिला भराभर वरच्या पातळ्या गाठतो, दुसरा रखडतो, आणि निवड खेळ सुरू होण्यापूर्वीच झालेली असते. म्हणजे मोहाचा क्षण टेबलावर येतच नाही. खेळाच्या चौथ्या आवृत्तीसाठी २०१० मध्ये आलेल्या ‘डार्क सन’च्या पुस्तकाने ही चूक सुधारली. त्यात कोणताही जादूगार मोठा मंत्र फसतोय असे दिसताच डिफाइल करून फासा पुन्हा टाकू शकतो, आणि त्याची इजा आसपासच्या साथीदारांना, त्यांची इच्छा असो वा नसो, सोसावी लागते. आमच्या जादूगाराने पहिल्यांदा असे केले तेव्हा टेबलावर जी शांतता पसरली, ती कोणत्याही राक्षसाने आणली नव्हती. त्यामुळे जग १९९१ चे आणि जादूचा नियम २०१० चा, अशी सरमिसळ मी सुचवेन, जरी तिच्यासाठी थोडी आकडेमोड करावी लागते.

कालगणनेचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. अथासमध्ये अकराचे एक आणि सातचे एक अशी दोन चक्रे एकत्र फिरतात, त्यांतून सत्त्याहत्तर वर्षांचे ‘राजयुग’ होते, आणि प्रत्येक वर्षाला दोन्ही चक्रांतल्या शब्दांनी बनलेले नाव मिळते. साठ संवत्सरांचे पंचांग भिंतीवर टांगलेल्या घरांत ही कल्पना आपोआप रुजली. क्रोधी किंवा विश्वावसू ऐकत वाढलेल्यांना ‘पुरोहिताच्या अवज्ञेचे वर्ष’ मुळीच परके वाटत नाही.

इतर जगांना आम्ही कमी लेखले असे नाही. १९९४ चे ‘प्लेनस्केप’ बुद्धीला खाद्य देते, पण सिगिल नगरातली खास बोली मराठीत बोलायला गेल्यास नाटकी होते. कीथ बेकर यांचे ‘एबेरॉन’ आगगाड्या आणि हवाईनौकांमुळे मजेदार आहे, मात्र घराण्यांची नावे लक्षात ठेवता-ठेवता आमचा एक खेळाडू गळाला. एम. ए. आर. बार्कर यांचे १९७५ चे टेकुमेल आम्हाला भुरळ घालणारे होते, कारण हा माणूस उर्दूचा प्राध्यापक आणि त्याने आपल्या जगासाठी भाषा रचलेल्या. पण त्याने टोपणनावाने नाझी विचारांची कादंबरी लिहिल्याचे २०२२ मध्ये उघड झाल्यापासून ते पुस्तक उघडावेसे वाटत नाही.

‘डार्क सन’ही निर्दोष नाही. गुलामगिरी हा त्या जगाचा पाया आहे. बौने आणि माणसे यांच्या संकरातून जन्मलेली ‘मुल’ नावाची जमात तर कष्टांसाठी आणि आखाड्यासाठीच पैदा केली जाते. पुस्तक हे सारे सहज सांगून पुढे जाते. खेळ सुरू करण्यापूर्वी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या : मालकाची भूमिका कोणी घ्यायची नाही, आणि बाजारातली विक्री अभिनयाने दाखवायची नाही. नवख्यांनीही हे आधी बोलून घ्यावे. शिवाय मृत्यू इथे इतका स्वस्त आहे, की प्रत्येक खेळाडूने चार पात्रे तयार ठेवावीत अशी सोय पुस्तकानेच केली आहे. एकाच पात्रावर जीव लावणाऱ्यांचा यात हिरमोड होतो.

मूळ संच आता पीडीएफ स्वरूपात विकत मिळतो. तो मोबाइलवर वाचण्याच्या भानगडीत पडू नये, कारण तक्ते बारीक आहेत. नकाशा तर छापूनच घ्यावा. आम्ही तो निवडणुकीचे बॅनर छापणाऱ्या दुकानातून फ्लेक्सवर काढून आणला, आणि टीरच्या विहिरीची जागा त्यावर निळ्या पेनने आम्हालाच दाखवावी लागली.