म्हार्दोळच्या घरात आठ महिने: ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची रेकॉर्ड

मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या या अल्बमची १८० ग्रॅमची, म्हणजे जाड-जड रेकॉर्ड घेतली. आता जानेवारी चालू आहे. आठवड्यातून दोन-तीनदा लावतो, म्हणजे साठ-सत्तर वेळा तरी वाजली असेल. एवढ्या वापरानंतर लिहायला हरकत नाही असं वाटलं.

आधी तक्रार. पहिली आली ती प्रत वाकडी निघाली. काठाला चक्क लाट होती, सुई वरखाली डोलायची. दुकानाने बदलून दिली, पण तीन आठवडे घेतले. दुसरी प्रत सपाट आणि शांत आहे. आतलं पाकीट मात्र साध्या कागदाचं आहे आणि गोव्याच्या पावसात ते टिकत नाही. जुलैत त्यावर पांढरे ठिपके दिसले, तेव्हा रेकॉर्ड मऊ ब्रशने पुसून प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

आवाजाबद्दल काय सांगू! हा अल्बम लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९७२-७३ मध्ये ध्वनिमुद्रित झाला, इंजिनिअर ॲलन पार्सन्स. ‘टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीची घड्याळं त्याने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती. मोबाइलवर तो नुसता गलका वाटायचा. इथे प्रत्येक घड्याळ खोलीत आपापल्या जागी टोले देतं. माझी भाची पहिल्यांदा ऐकताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागली. मुखपृष्ठावरचे रंगही तिनेच मोजले. शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केलेलं, म्हणून बोट ठेवत गेली आणि म्हणाली, “मामा, ह्यात पारवा नाही.” खरंच नाही. लोलकातून सहाच रंग निघतात. इतकी वर्षं ते चित्र बघतोय, मी कधी मोजले नव्हते.

पण या रेकॉर्डने घरात खरं काम केलं ते ‘मनी’ या गाण्याने. माझे बाबा देवळात भजनाला तबल्यावर बसतात. रॉक म्हटलं की उठून बाहेर जाणारे. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी बाहेर धो धो पाऊस, जायला जागा नाही, म्हणून बसले. नाण्यांचा, कागद फाडण्याचा आणि गल्ल्याचा आवाज सुरू झाला. थोड्या वेळाने बघतो तर त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालली होती: ती ती ना, धी ना, धी ना. “अरे, हा तर सात मात्रांचा!” आपल्या रूपक तालासारखा. ते आवाज टेपवर टिपून, पट्टीने मोजून सात सारखे तुकडे कापून जोडले होते, हे मी नंतर त्यांना सांगितलं. सॅक्सोफोनपर्यंत त्यांचा हात बरोबर होता. गिटार सुरू झाली आणि हात चुकला, कारण तिथे गाणं चार मात्रांत जातं आणि नंतर परत सातात येतं. त्यांनी तेवढा भाग पुन्हा लावायला लावला. तीनदा.

लोक विचारतात, हा अल्बम एवढा खपला कसा? ४ कोटी ५० लाखांहून अधिक प्रती म्हणजे थोडंथोडकं नाही. पण अमेरिकेच्या बिलबोर्ड या अल्बमच्या खपाच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर होता फक्त एक आठवडा, एप्रिल १९७३ मध्ये. ब्रिटनमध्ये तर दुसऱ्याच्या वर गेला नाही. त्याने विक्रम केला तो यादीत टिकून राहण्याचा: १९७३ ते १९८८ या काळात एकूण ७४१ आठवडे. ‘मनी’ अमेरिकेत गाण्यांच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत पोचलं, त्याने दार उघडलं हे खरं. पुढचं काम घरोघरच्या रेकॉर्ड प्लेअरने केलं असं माझं ठाम मत आहे. नवा स्टिरिओ घेतला की तो कसा वाजतो ते बघायला लोक हीच रेकॉर्ड लावत. शिवाय ती कच्ची नव्हती. फेब्रुवारी १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये त्यांनी हे सगळं सलग वाजवलं होतं, म्हणजे बाजारात यायच्या वर्षभर आधी ते श्रोत्यांसमोर घासलं गेलं होतं. आपल्याकडे मैफलीत मुरलेली चीज जशी लागते, तसं ते लागतं.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. पहिली बाजू संपते ती ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ने. त्यात गायिका क्लेअर टोरी एकही शब्द न उच्चारता गाते. नुसते स्वर, आधी आक्रोश, मग हळूहळू निवत जाणारे. एका रविवारच्या कामाचे तिला ३० पौंड मिळाले. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटच्या जोडीला रचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. ३० वर्षं फार उशीर झाला. ती बाजू संपल्यावर मी लगेच रेकॉर्ड उलटत नाही, सुई उचलून थोडा वेळ बसतो.

पहिल्या बाजूवरचं ‘ऑन द रन’ मला अजून भिडत नाही, लहान स्पीकरवर तर नाहीच. बास नीट ऐकू येणारे स्पीकर नसतील तर एवढे पैसे घालण्याआधी विचार करा, कारण सुरुवातीचे हृदयाचे ठोकेच हरवतात.

बाकी काल संध्याकाळी देवळातून आल्यावर बाबांनी पाय धुतले आणि म्हणाले, “ती दुसरी बाजू लाव.” सॅक्सोफोन संपत आला तसा त्यांनी हात वर धरला, “आता चारात जाईल बघ,” आणि गिटारबरोबर सम अचूक पकडली.