मदरबोर्ड गेला म्हणून ७,२०० रुपये घेतले, आणि बोर्ड बदललाच नव्हता

माझं कराडला छोटं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, पावती पुस्तकं असलं सगळं. कॉम्प्युटर माझ्या भाच्याने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये असेंबल करून दिलेला, पार्ट त्याने स्वतः मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणलेले. आय थ्रीचा १०१०० प्रोसेसर, एच ४१० चा मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्याला जोडतात ती आतली मुख्य प्लेट), ८ जीबी रॅम, एसएसडी, सगळे मिळून साधारण २६ हजार लागले होते. मशीन एकदम छान चाललं, दीड वर्षात एकदा पण त्रास नाही.

मे २०२३. लग्नसराई जोरात, रोज तीन चार पत्रिका, आणि एक दिवस सकाळी मशीन चालू केलं तर काळी स्क्रीन आणि त्यावर इंग्लिशमध्ये मेसेज. यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट स्टेटस डिटेक्टेड, म्हणजे यूएसबीतून जास्त करंट ओढला जातोय, आणि पुढे असं की मदरबोर्ड प्रोटेक्ट करायला सिस्टीम १५ सेकंदात बंद होईल. आणि खरंच बंद झाली. परत चालू केली, परत तेच. चार पाच वेळा केलं, प्रिंटर काढला, डोंगल काढलं (श्रीलिपीचं डोंगल लागतं मला, ते यूएसबीला लावल्याशिवाय मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडतच नाही), कीबोर्ड माऊस सुद्धा काढून बघितला, तरी पंधरा सेकंदात बंद.

भाच्याला फोन केला तर तो ऑफिसात, मीटिंगमध्ये, म्हणाला मावशी संध्याकाळी बघतो. पण माझ्याकडे संध्याकाळपर्यंत थांबायला वेळ नव्हता, ३०० कार्डांची एक पत्रिका त्याच दिवशी छापायला जायची होती. म्हणून सीपीयू स्कूटीवर पुढे ठेवला आणि गावातल्या एका दुकानात नेला. दुकानाचं नाव लिहीत नाही, आमच्याकडच्या लोकांनी विचारू पण नका, पण दुकान चांगलं मोठं आहे, बाहेर बोर्ड आहे, आत दोन मुलं कामाला.

दुकानदाराने लगेच लावून बघितलं, स्क्रीन माझ्याकडे वळवून मेसेज दाखवला आणि म्हणाला, "ताई, हे वाचा, मदरबोर्ड लिहिलंय बघा. बोर्ड गेला. यूएसबीचा सेक्शन जळाला आतून, आता हा रिपेर होत नाही." मी विचारलं, दादा वॉरंटी असेल ना अजून, दीड वर्षच झालंय. तर म्हणाला जळालेल्याला वॉरंटी नसते, आणि कंपनीत पाठवला तर महिना जाईल, तुम्हाला लग्नसराईत परवडेल का. हे शेवटचं वाक्य माझ्या बरोबर वर्मी लागलं. मी म्हटलं करा. बोर्डाचे ६,५०० आणि सर्व्हिसचे ७००. तीन दिवस ठेवून घेतलं त्याने मशीन. त्या ३०० कार्डांची ऑर्डर अर्थातच गेली, त्या माणसाने दुसरीकडून करून घेतली, आणि त्याचा राग पण बरोबर होता, लग्न कोणासाठी थांबतं का.

एक गोष्ट मी तेव्हा बरी केली, डोंगल मशीनबरोबर दिलं नाही. जे जे डीटीपीवाले आहेत त्यांना हात जोडून सांगते, डोंगल कधीच दुकानात सोडू नका, ते हरवलं तर सॉफ्टवेअर परत विकत घ्यायची वेळ येते.

तिसऱ्या दिवशी मशीन आणलं, लावलं, चालू झालं. मला इतका आनंद झाला की मी बाकी काही बघितलंच नाही. पुढचे यूएसबी पोर्ट चालत नव्हते एवढं संध्याकाळी कळलं, गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन आलं तेव्हा. दुकानात फोन केला तर म्हणाला, "ताई, या नवीन बोर्डाला फ्रंट यूएसबी येत नाही, मागचे वापरा." मी मान्य केलं. जुना बोर्ड पण मागितला होता मी, म्हणाला स्क्रॅपमध्ये गेला. आणि बिल म्हणजे काय, छापील पॅडवर हाताने लिहिलेलं, मदरबोर्ड चेंज आणि सर्व्हिस, ७,२००. मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. पैसे मात्र मी यूपीआयने दिले होते, ते पुढे कामाला आलं.

सहा महिने मी टेबलाखाली वाकून मागे पेन ड्राइव्ह लावत होते. कंबर गेली माझी.

दिवाळीला भाचा आला. मी त्याला सहज म्हटलं की तुझा बोर्ड गेला रे, बदलून घेतला, नवीन बोर्डाला पुढचे पोर्ट येत नाहीत. तो म्हणाला, "पुढचे पोर्ट येत नाहीत असा बोर्ड मी तरी अजून बघितला नाही, मावशी." आणि फराळाची ताटली बाजूला ठेवून स्क्रू ड्रायव्हर मागितला.

साइड पॅनल काढल्या काढल्या तो गप्प झाला. मग म्हणाला, मावशी विंडोजने तुला परत अ‍ॅक्टिव्हेशन मागितलं होतं का? मी म्हटलं नाही, सगळं जसंच्या तसं होतं. बोर्ड बदलला की विंडोज बहुतेक वेळा लगेच ओरडतं, कारण त्याचं लायसन्स बोर्डाला बांधलेलं असतं. मग त्याने टॉर्चने बोर्डाच्या स्क्रूवर बघितलं, सगळ्या स्क्रूंवर धूळ बसलेली, प्रोसेसरच्या पंख्याखाली पण जुनी धूळ चिकटलेली. बोर्ड बदलायचा तर पंखा काढावाच लागतो, खाली नवीन पेस्ट लावावी लागते, सगळे स्क्रू उघडावे लागतात. इथे कोणी हातच लावलेला नव्हता.

मी बोर्डाचा रिकामा बॉक्स माळ्यावर ठेवला होता, मला बॉक्स टाकवत नाहीत. तो खाली काढला. बॉक्सवर स्टिकर, बारकोडखाली बारीक अक्षरात नंबर. बोर्डावर पण कडेला तसाच स्टिकर असतो. मी बॉक्सवरचा एक एक आकडा वाचत होते आणि तो टॉर्च धरून आतला बघत हं, हं म्हणत होता. शेवटच्या आकड्यापर्यंत सगळा जुळला. तो म्हणाला, "मावशी, हा बोर्ड बदललेलाच नाही गं. हा मीच आणलेला आहे." माझ्या हातातला बॉक्स तसाच राहिला. सहा महिने मी त्या माणसाला रस्त्यात दिसला की नमस्कार करत होते.

मग मशीन चालू कसं झालं, तर ते पण लगेच सापडलं. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांच्या ज्या वायरी बोर्डाला लागतात त्या दोन्ही काढून, गुंडाळून, एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज देणारा डबा) मागे टायने बांधून ठेवल्या होत्या. एवढंच केलं होतं त्याने. ७,२०० रुपयांत.

आता हे नीट सांगते म्हणजे तुमच्या बाबतीत झालं तर कळेल. यूएसबी पोर्टात चार मुख्य पिना असतात, एकीवर ५ व्होल्ट, एक ग्राउंड, दोन डेटाच्या. बोर्ड साध्या पोर्टला ५०० मिलीअँपिअर आणि निळ्या यूएसबी ३ ला ९०० मिलीअँपिअर देतो, त्या हिशोबाने बनलेला असतो. पोर्टातली पिन वाकून बाजूच्या पत्र्याला टेकली की शॉर्ट होतं, करंट एकदम वाढतो, आणि बोर्डाला ते कळतं म्हणून तो स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. म्हणजे तो मेसेज बोर्ड गेल्याचा नव्हताच, बोर्ड स्वतःला वाचवत होता! प्रोटेक्ट शब्द माझ्या डोळ्यासमोर लिहिलेला होता आणि दुकानदाराने त्याच ओळीवर बोट ठेवून मला उलटं सांगितलं.

माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, स्वतःच पेन ड्राइव्ह पुढे खुपसतं, उलटा असला तरी जोर लावतं. भाच्याने टॉर्च मारून दाखवलं, डावीकडच्या साध्या पोर्टातली ती काळी प्लास्टिकची जीभ तुटून अर्धी गायब, आणि तिच्यावरच्या दोन पिना वर उचलून पत्र्याला टेकलेल्या. सोन्यासारख्या पिवळ्या, केसाएवढ्या. त्या दोन पिनांसाठी एवढं सगळं.

त्याने एक एक वायर लावून बघितली. जाड वायर, १९ पिनांची, ती यूएसबी ३ ची, ती लावली, मशीन व्यवस्थित चालू झालं आणि पुढचा निळा पोर्ट सुद्धा चालला. म्हणजे चांगला पोर्ट पण त्या दुकानदाराने बंद करून ठेवला होता. मग बारीक वायर, ९ पिनांची, साध्या दोन पोर्टांची, ती लावली की लगेच तोच मेसेज, तेच १५ सेकंद. काढली की गायब. झालं, सापडलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर आधी मशीन बंद, भिंतीचं बटण बंद, वायर काढून पॉवरचं बटण दहा पंधरा सेकंद दाबून धरायचं. बाहेरचं सगळं काढायचं आणि पुढच्या मागच्या प्रत्येक पोर्टात टॉर्चने बघायचं, कुठे जीभ तुटलीय का, पिन वर आलीय का. मग पॅनल उघडून पुढच्या पोर्टांच्या वायरी काढायच्या. १९ पिनांची वायर सरळ वर ओढायची, हलवत हलवत नाही, तिच्या खालच्या पिना फार नाजूक असतात, कधी कधी अख्खा सॉकेटच वर येतो. आणि परत लावताना पिनांची एक जागा रिकामी असते ती जुळवून घ्यायची, जबरदस्ती नाही. पुढच्या दोन्ही वायरी काढून पण मेसेज येत असेल तर मग मागच्या पोर्टात किंवा बोर्डात खरंच काही असू शकतं. बोर्ड खरे पण जातात, मी नाही म्हणत नाही. पण मग वॉरंटी आधी बघा, बऱ्याच कंपन्या बोर्डाला ३ वर्षं देतात, माझी २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत होती. दुकानात द्यायच्या आधी बोर्डाच्या स्टिकरचा मोबाईलवर फोटो काढा. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि बिलावर नवीन पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. मी यातलं काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो, बॉक्स, बिल, फोटो घेऊन. आधी म्हणाला असं होऊच शकत नाही. मग नंबर दाखवल्यावर म्हणाला पोराने चूक केली असेल, मी बाहेर होतो तेव्हा. मग ३,००० देतो म्हणाला, वर ताई आपलं गावातलं आहे, कशाला वाढवता. मी नाही म्हटलं.

१९१५ ला फोन केला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रार लिहून घेतली आणि सांगितलं की नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जा, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. मग भाच्याने एक पत्र लिहून दिलं, काय झालं, कधी, किती पैसे, यूपीआयचा व्यवहार नंबर, बॉक्स आणि बोर्डाच्या स्टिकरचे फोटो शेजारी शेजारी, आणि १५ दिवसांत पैसे परत न केल्यास आयोगात जाणार. ते मीच माझ्या मशीनवर टाइप करून प्रिंट काढली आणि रजिस्टर एडीने पाठवली.

पावती परत आल्यावर आठवड्याभरात त्याचा फोन. डिसेंबरमध्ये दोन वेळा करून ६,५०० परत आले. ७०० त्याने सर्व्हिसचे म्हणून ठेवले. ते मला आजही मान्य नाहीत, कारण सर्व्हिस म्हणजे माझ्या दोन वायरी उपटणं नव्हे. पण तोपर्यंत कार्तिकातली लग्नं सुरू झालेली, माझ्याकडे आयोगात चकरा मारायला वेळ नव्हता, आणि अशा लोकांना हेच माहिती असतं. माझ्या आधी किती जणांचं असं झालं असेल ते कोण मोजणार. माझ्याकडे बॉक्स होता म्हणून सापडलं.

त्या साध्या दोन पोर्टांची वायर अजून काढलेलीच आहे, भाच्याने त्या पोर्टांवर काळी टेप लावून दिलीय. डोंगल मागे असतं, तिथे कोणाचा हात जात नाही. आणि काउंटरवर ३५० रुपयांचा एक यूएसबी हब (एका पोर्टाचे जास्त पोर्ट करणारा) ठेवलाय लांब वायरीचा, गिऱ्हाइकाने पेन ड्राइव्ह त्यालाच लावायचा. परवा एका मुलाने उलटा घालायला जोर लावला तर मी त्याच्या हातातून घेतला आणि फिरवून लावून दिला.