एअर फ्रायर की कढई? कोल्हापुरी घरासाठी तेलाचा हिशेब

एअर फ्रायरच्या खोक्यावर '९० टक्के कमी तेल' असं छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण कशापेक्षा कमी ते बघायला हवं. ज्या घरात आठवड्यातून दोन-तीनदा कढई चढते, तिथं एअर फ्रायरनं नक्की फरक पडेल. जिथं तळण सणासुदीलाच होतं आणि एरवी कोथिंबीर वडी, कटलेट तव्यावर चमचाभर तेलात परतलं जातं, तिथं तब्येतीला फारसा फायदा नाही. ओट्यावरची जागा मात्र जाईल.

नावात फ्रायर असलं तरी यात काही तळलं जात नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. १६० ते २०० अंशांची गरम हवा पदार्थाभोवती जोरात फिरते आणि वरचा थर सुकवून खरपूस करते. थोडक्यात, पंखा लावलेला छोटा ओव्हन. फिलिप्सनं २०१० मध्ये तो एअरफ्रायर म्हणून बाजारात आणला, आता डझनभर कंपन्यांचे मिळतात.

कढईतला प्रकार वेगळा. वडा गरम तेलात पडला की पिठातल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर पडते. ते बुडबुडे येत असतात तोवर तेल आत फारसं शिरत नाही. बरंचसं तेल शोषलं जातं ते वडा बाहेर काढल्यावर. आतली वाफ निवते आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर लगेच झटकून निथळलेला वडा आणि तसाच ताटात टाकलेला वडा यांत खरंच फरक असतो. तेल नीट तापलेलं नसलं किंवा एका घाण्यात दहा-बारा वडे कोंबले, तर तेलाचं तापमान उतरतं आणि पदार्थ जास्त तेल पितो. घरचं तळण तेलकट होतं त्यात कढईचा दोष कमी, घाईचा जास्त.

आता आकडे. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे एका मोठ्या चमच्यात सुमारे १२०. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक ताटात २००० कॅलरींच्या दिवसभराच्या जेवणाला वरून घालायचं तेल-तूप साधारण २७ ग्रॅम धरलंय. दोन मोठे चमचे झाले की ते संपलं. तळलेल्या बटाट्याच्या फोडींतून एका माणसाच्या पोटात सहज एक चमचा तेल जातं. एअर फ्रायरमध्ये तेवढंच तेल चोळून चार माणसांच्या फोडी होतात. वजन, कोलेस्टेरॉल, हृदयाचं दुखणं असलेल्या घरात ही बचत मोलाची आहे. बटाटा मात्र बटाटाच राहतो आणि मीठही तेवढंच. डायबेटिस असलेल्यांनी 'तेल नाही' म्हणून दुप्पट खाल्लं तर काय साधलं?

कॅलरीपेक्षा मला जास्त खटकतं ते कढईत उरलेलं तेल. बहुतेक घरांत ते डब्यात गाळून ठेवतात, पुढच्या तळणाला त्यात नवं ओततात, परत गाळतात. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात शरीराला अपायकारक संयुगं साठत जातात. त्यातल्या ध्रुवीय संयुगांचं (तेल बिघडेल तशी वाढत जाणारी संयुगं) प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी ते मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे असतात. तेल काळपट झालं, तळताना फेस यायला लागला, लवकर धूर निघायला लागला की ते गेलं. घाण्याचं शेंगतेल महागाचं म्हणून टाकवत नाही, हे कबूल. मग कढईत एकदा तळण्यापुरतंच घ्या आणि उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. पुन्हा तळायला नको. एअर फ्रायरमध्ये हा प्रश्नच उरत नाही, आणि माझ्या मते त्याची खरी जमेची बाजू हीच.

दोन्हीकडे सारखा असलेला धोका म्हणजे अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक रसायन. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडा तापला की ते तयार होतं, मग ते तेलात असो की हवेत. बटाट्याच्या फोडी आधी अर्धा तास पाण्यात ठेवा, पुसून कोरड्या करा आणि सोनेरी रंगावर थांबा. 'अजून थोडं कुरकुरीत' करत तांबूस-काळ्या केल्या तर यंत्र बदलून उपयोग नाही.

आता आपल्याकडचे पदार्थ. टोपलीत कांदाभजी करायला जाऊ नका. पातळ पीठ जाळीतून गळतं, तळाशी पडून करपतं आणि वर कांद्याच्या कोरड्या काड्या उरतात. बटाटेवड्याचंही तेच. चकलीला तेलातली ती खुसखुशीत जाळी येत नाही. पंख्याच्या वाऱ्यानं पापड उडून कॉइलला चिकटू शकतो, त्यापेक्षा तो गॅसवर भाजावा. याउलट शाबूवडा चपटा करून वरून तेलाचा हात फिरवला तर छान होतो. वाफवलेली कोथिंबीर वडी, मसाला लावलेलं चिकन, रवा लावलेला मासा, शेंगदाणे हे तर त्याचंच काम. फ्रोझन फ्राइज बहुतेकदा कारखान्यात आधीच तळलेल्या असतात, तेव्हा त्या 'बिनतेलाच्या' समजू नयेत.

आणि एक कोल्हापुरी गोम. आपलं बरंचसं तेल तळणात नसतंच. ते मिसळीच्या कटावर आणि तांबड्या रश्श्यावर तरंगत असतं. एअर फ्रायरमधला वडा घेऊन तो कटात बुडवून खाणाऱ्यानं हिशेब कुठं मांडायचा? फोडणीचं तेल निम्मं केलं तर यंत्र न घेताही बरंच काम होईल.

एवढं बघूनही घ्यायचं ठरलं तर आकार नीट बघा. एकट्या-दुकट्याला चार लिटरची टोपली पुरते. पाच-सहा माणसांच्या घरात तीत चिकन एका थरात मावत नाही आणि एकावर एक रचलं तर भाजण्याऐवजी वाफवलं जातं. १५०० वॅटचं यंत्र वीस मिनिटं चाललं तर अर्धं युनिट वीज जाते, ते काही फार नाही. पण तीन घाणे काढावे लागले की शेवटचा येईपर्यंत पहिल्याचा कुरकुरीतपणा गेलेला असतो आणि स्वयंपाक करणारीचा संयमही. मोठ्या घरानं मोठी टोपली घ्यावी, नाहीतर कढईच ठेवावी आणि तळणाचे वार कमी करावेत.